घरी सांगायचा धडा

नाना,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. शिरपूरजवळच्या ज्या शाळेत तुम्ही आम्हाला शिकवलंत, तिथेच मी आता मुख्याध्यापिका आहे. हे ऐकून तुम्ही आधी पोटभर हसला असता.

तुमची इंग्रजी शिकवायची रीत तालुक्यात कुणाला पटायची नाही. धडा आधी अहिराणीत सांगायचा, मग मराठीत, आणि पुस्तक उघडायचं ते शेवटी. वर संध्याकाळी आम्ही तो घरी आईला सांगायचा, आणि तुम्ही बाजारात, पाणवठ्यावर, भेटेल तिथे आयांना विचारायचात. एकदा मी न सांगताच 'सांगितला' म्हणून ठोकून दिलं. आई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत बसलेली. हिला काय कळणार इंग्रजीतलं, असं वाटलं. खरं तर तिची लाज वाटली. तुम्ही तिला बाजारात गाठलंत आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात मला म्हणालात, "मायले समजनं नही, मंग तुलेबी समजनं नही." मी दिवसभर तुमच्यावर धुसफुसत होते. संध्याकाळी मात्र सगळा धडा सांगितला. आई ऐकत राहिली, तव्यावरची भाकरी करपली, तरी विचारते आहे, "मंग पुढे काय व्हयनं?" त्या दिवसापासून मला इंग्रजी येऊ लागलं.

यंदा जूनमध्ये पालकसभा झाली. पहिलीपासून वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं, असा ठराव आला. मी तुमच्या रीतीबद्दल बोलणार होते, चार ओळी लिहूनही नेल्या होत्या. तेवढ्यात कापूस वेचायला जाणारी एक बाई उभी राहिली. "आमनी बोली आमले येसच. ती शाळामा कसाले? साहेबना पोरेसले जे शे, तेच आमना पोरेसले द्या." टाळ्या पडल्या. तिचं काय चुकलं, नाना? माझी स्वतःची मुलगी मी धुळ्याला इंग्रजी शाळेत घातली होती. कोणत्या तोंडाने बोलणार होते? मी सही केली.

त्या बाईची मुलगी पहिलीत आहे. पहिल्या आठवड्यात ती आल्याआल्या म्हशीच्या पारडाची हकीकत सांगत सुटायची, आणि वर्गावरच्या बाई तोंडावर बोट ठेवायला लावायच्या. आता ती ओठ मिटून बसते. विचारलं तर 'येस मॅडम' म्हणते, काहीही विचारलं तरी.

काल तिची आई मला फाटकापाशी भेटली, आनंदात होती. म्हणाली, "मॅडम, पोर आते घर काहीच सांगत नही. इचारं तं म्हनस, तुले नही समजाव. तिले इंग्रजी येवाले लागनं ना?"

मी हो म्हणाले, नाना.