दहा आकड्यांच्या चौपन्न लाथा

अमृतराव घाट, काशी
१८ नोव्हेंबर १९९४

ती. शरदिनीअक्कास,

धाकट्या नीलकंठाचा साष्टांग नमस्कार. वाईच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. इकडे पाठशाळेतले विद्यार्थी ठीक, मीही ठीक. फक्त नात माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण कोरियन भाषा.

त्याचं असं झालं. आपली मृणालिनी (अकरावं लागलं तिला) रामनगरला तायक्वांदो शिकते. म्हणजे लाथा मारण्याची कोरियन विद्या. पांढऱ्या पट्ट्याचा पिवळा व्हायचा तर लाथ मारताना कोरियन आकडे मोठ्यानं म्हणावे लागतात: हाना, दुल, सेत, नेत, असे दहा. पोरीला सातच्या पुढे आठवेना. चाळीस वर्षं वेद पाठ करून घेणाऱ्या माणसाच्या घरात दहा शब्दांवाचून अडतं म्हणजे काय! खरं सांगू का, ते आकडे मलाच फार आवडले. नावेतून पलीकडे जाऊन तिच्या मास्तरांना, विश्वेश्वर सिंहांना, मी विचारून आलो की 'योसत'चा स्वर वर की खाली, आणि 'इल्गोप'च्या शेवटी ओठ मिटलेलेच ठेवायचे का. ते म्हणाले, "दादाजी, गिनती है, मंत्र नहीं." कोरिया त्यांनीही पाहिलेला नाही, लखनौच्या गुरूंकडून सगळं तोंडी घेतलेलं. म्हणजे परंपरा आहे, माझं समाधान झालं.

मग रोज सकाळी तिला समोर बसवलं. (मुलीला समोर बसवून पाठ देण्याची माझी ही पहिलीच वेळ. आपल्यात मुलींना वेद देत नाहीत. कोरियन आकड्यांना मनाई कुठे सापडली नाही.) पक्कं व्हावं म्हणून आपल्या जटापाठाच्या रीतीनं, उलटसुलट घोकून घेतलं: हाना दुल, दुल हाना, हाना दुल; दुल सेत, सेत दुल, दुल सेत. आठ दिवसांत अशी खणखणीत म्हणायला लागली की मला भरून आलं.

परीक्षेला वीस मुलं रांगेत, आकडे म्हणायला मृणालिनी पुढे. तिनं डोळे मिटून जटा सुरू केली. निम्मी पोरं लाथ मारत पुढे गेली, निम्मी 'दुल हाना' ऐकून मागे आली, आणि मधल्या मधे बाळू नावाच्या गुबगुबीत मुलानं पाण्याचा माठ फोडला. दहा आकड्यांच्या चौपन्न लाथा झाल्या. (मी मोजल्या. पोरीचा एक आकडा चुकला नाही, हे परीक्षकांच्या लक्षातही आलं नाही.) पट्टा महिनाभर लांबला. परतताना ती नावेत माझ्याकडे पाठ करून बसली आणि घाटावर उतरताना म्हणाली, "आजोबा, आता मला काही पढवू नका." ते फार लागलं गं.

असो. तेल लावून घ्यायचा कंटाळा करू नकोस.

तुझा
नीलकंठ

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं. तिची समजूत काढायला मी सांगितलं की आपल्या घरात पूर्वीही अशी एक मुलगी होती, स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता बाहेरचा पाठ ऐकून सबंध जटा म्हणणारी. एके दिवशी ते आप्पांच्या कानावर गेलं आणि मधलं दार लागलं. पोरीनं विचारलं, "कुणी लावलं?" अक्का, आप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं होतं. उठलो होतो मी. बावन्न वर्षं हे तुला सांगायचं राहिलं. परीक्षा पुन्हा डिसेंबरात आहे. तू ये आणि तिला आकडे सरळ म्हणायला शिकव.

पुन्हा ता. क. मृणालिनीनं पत्र वाचलं. सरळ आकडे म्हणे तिचे तिला येतात. तिला अक्काआजीकडून जटाच शिकायची आहे, आणि तीही आपली, कोरियन नव्हे. तुम्ही दोघी बाहेर बसा, मी स्वयंपाकघरात बसेन. दार तेवढं उघडं ठेवा.