धबधबा अर्धा तास सोडण्याबाबत

दिनांक : ३ मार्च

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
धबधबा संरक्षण विभाग.

विषय : धबधब्याचे पाणी फक्त अर्धा तास पूर्ण जोराने सोडण्याबाबत.
संदर्भ : मोठ्या आवाजाबद्दल माझ्या वडिलांस आलेली आपली नोटीस.

महोदय,

मी धबधब्याखाली रेनकोट भाड्याने देते. तुषार उडेनासे झाल्यापासून रेनकोट कोणी घेत नाही, पण तो या अर्जाचा विषय नाही.

आपल्या विभागातील भूगर्भतज्ज्ञ बाईंनी आम्हांस नीट समजावून सांगितले, की वरचा खडक कठीण, खालचा मऊ. पाणी आपटून मऊ खडक खाते, वरचा अधांतरी राहून कोसळतो आणि धबधबा असाच मागे मागे सरकतो. तो कड्यावरील अतिथिगृहाच्या पायापर्यंत पोहोचू नये म्हणून आपण पाणी बोगद्यातून वळवले व कड्यात काँक्रीट भरले. आता पाणी फक्त सुट्टीच्या दिवशी थोडेसे सोडतात. शास्त्र आम्हांस मान्य आहे. धबधबा वाचवण्यासाठी धबधबाच बंद केला, हे मात्र वडिलांच्या पचनी पडलेले नाही.

वडिलांची उभी हयात येथील कठड्यांना रंग देण्यात गेली. धबधब्याच्या गर्जनेमुळे आमच्या घरी मायेची गोष्टसुद्धा ओरडूनच सांगावी लागे. पाणी थांबले, वडिलांचा आवाज थांबेना. पहिल्याच सकाळी त्यांनी चहा मागितला तो थेट अतिथिगृहात ऐकू गेला. आई म्हणाली, "अहो, हळू. मी काय बहिरी झाले?" आम्ही पोट धरून हसलो. वरचे पाहुणे हसले नाहीत. पुन्हा आवाज झाल्यास घर रिकामे करावे लागेल, अशी आपली नोटीस आली.

तेव्हापासून वडील कुजबुजू लागले. ते त्यांना जमत नाही, नुसती हवा बाहेर येते. पुढे आई अंथरुणाला खिळली. उशाशी बसून ते काय बोलत, तिला काही कळत नसे. शेवटी तिने मला विचारले, "हे रागावलेत का गं माझ्यावर?" मी नाही म्हटले. तिला ते पटले की नाही, मला ठाऊक नाही.

ती गेली तेव्हा वडिलांनी तोंडात टॉवेल कोंबून घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर ते बोललेच नाहीत. काल मात्र मला खुणेने जवळ बोलावून, कानाला तोंड लावून म्हणाले, "पाणी सोडतील का गं थोडं? तिला एकदा हाक मारायचीय."

तरी कृपा करून पाणी अर्धा तास सोडावे. अतिथिगृह रिकामे असेल तो दिवस चालेल. पाणी पूर्ण जोराने सोडल्यास वडिलांच्या आवाजाचा कोणास उपद्रव होणार नाही. एवढ्याने कडा फारसा झिजणार नाही, असे बाई म्हणाल्या आहेत.

पाणी बंद करण्यापूर्वी मात्र भोंगा वाजवावा. वडिलांना वेळेत गप्प करण्याची जबाबदारी माझी राहील.

आपली नम्र,
(सही)
रेनकोटवाली, धबधब्याखालचे पहिले घर

सोबत : नोटिशीची प्रत, आईच्या मृत्यूचा दाखला.