डाव्या मनगटाचा प्रश्न

यिशुन, सिंगापूर
७ मार्च २०२५

प्रिय आशू,

आशीर्वाद. आम्ही तिघं बरे आहोत. नीलिमाचा गुडघा आता कुरकुरत नाही, वल्लरीची परीक्षा तोंडावर आलीय, आणि मी रोज यिशुनहून चांगी बिझनेस पार्कला जातो, त्याच बँकेत, त्याच खुर्चीत. तुझी ईमेल येऊन नऊ दिवस झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकता आल्या असत्या. पण चार वर्षांनी तू मला काहीतरी विचारलंस, म्हणून नीट बसून लिहितोय.

रेंजवर सरावाला आणि रोज जवळ बाळगायला एकच फुल-साइझ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्यायचं, तर काय बघून घ्यावं, एवढंच तू विचारलंस. दुकानदारानं काउंटरवर सात मांडली आणि त्यातलं गुलाबी आधी तुझ्यापुढे सरकवलं, हे वाचून हसू आलं. तू ते बोटानं परत सरकवलंस, हे वाचून जास्त.

खरं सांगायचं तर मी कागदावर नेम धरणारा माणूस. आमच्या नेमबाजीच्या क्लबात पिस्तूल सही करून घ्यायचं, परत करायचं आणि हात हलवत घरी जायचं. कमरेला लावून मी एक पाऊलही चाललेलो नाही. म्हणून बाळगण्याबद्दल आमचा कोच अनीश याला विचारलं. त्याच्या जुन्या नोकरीत पंधरा वर्षं त्याच्या कमरेला पिस्तूल होतं.

फुल-साइझ जड असतं आणि तोच त्याचा गुण. गोळी सुटल्यावरचा धक्का वजनात जिरतो, दुसरा नेम लवकर लागतो. नळी लांब, त्यामुळे नेम धरायची पुढची-मागची साइट एकमेकींपासून दूर, आणि नेमातली चूक लगेच दिसते. मूठ अशी हवी, की तळवा पूर्ण टेकल्यावर तर्जनीचं पेर चापावर आपोआप यावं. बोट ताणावं लागलं तर ते पिस्तूल तुझं नाही. दुकानात नुसतं हातात धरून ठरवू नकोस. रेंजवर भाड्यानं घे, दोनशे गोळ्या झाड, दुसऱ्या दिवशी हात काय म्हणतो ते बघ.

बाळगताना हेच गुण नडतात. तुझ्या ह्यूस्टनच्या उकाड्यात पातळ कुर्त्याखाली लांब मूठ उठून दिसते. गाडीत बसलं की टोचते. अनीश म्हणाला, "बहिणीला सांगा, अर्धा विचार पिस्तुलाचा, अर्धा होल्स्टर आणि पट्ट्याचा. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर. पर्समध्ये सुटं कधीच नाही." मग त्यानं विचारलं, "त्यांना कशासाठी हवंय?" मी म्हणालो, "छंद."

शेवटी तू लिहिलंयस, "डाव्या मनगटात जोर नाही. गोळी भरायला वरची स्लाइड ओढते, ती पूर्ण मागे जात नाही. काही उपाय?"

उपाय आहे. यात फुल-साइझच बरं, छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग सहसा जास्त ताठ असते. पिस्तूल छातीजवळ घे, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, बोट चापापासून लांब. डाव्या हातानं स्लाइड वरून घट्ट धरून ठेव आणि उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकल. मनगटाचं काम खांद्यावर जातं. दुकानदाराला सांगून प्रत्येक पिस्तुलाची स्लाइड स्वतः दहादा ओढून बघ.

इथे पत्र संपवणार होतो. नऊ दिवस तेच करत होतो, इथवर लिहायचं आणि बंद करायचं.

मनगटाला काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मला ठाऊक आहे म्हणून लिहिलं नसशील. चार वर्षांपूर्वी तू मला ऑफिसात फोन केलास. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. तू म्हणालीस, "दादा, वरुण हात उचलतो. मला तुझ्याकडे यायचंय." माझी पुढची मीटिंग दहा मिनिटांवर होती. मी म्हणालो, "तो चिडका आहे गं, वाईट नाही. थोडं जुळवून घे." स्थळ मीच आणलं होतं ना. माझ्या मित्राचा भाऊ.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. संध्याकाळी मी वरुणला फोन केला. वाटलं, मोठा भाऊ म्हणून समजवावं. म्हटलं, "अश्लेषाचा फोन आला होता, जरा सांभाळून घे." तो अगदी गोड बोलला. "बरं झालं सांगितलंत दादा. मी बघतो." दोन दिवसांनी आईनं कळवलं, आशूचं मनगट मोडलं, बाथरूममध्ये पाय घसरला.

मी आईला विचारलं, प्लास्टर किती दिवस. आणखी काही विचारलं नाही.

तू एकटीनं घर सोडलंस, एकटीनं कोर्टाकडून मनाईहुकूम मिळवलास. आता त्याची मुदत संपत आलीय आणि त्याची गाडी दोनदा तुझ्या क्लिनिकसमोर उभी होती, हे तू ईमेलमध्ये एका ओळीत, हवामान सांगावं तसं लिहिलंयस. माझ्याकडून तुला फक्त पिस्तुलाची माहिती हवी आहे. एवढ्याच बाबतीत माझ्यावर विश्वास टाकता येतो, असंच ना?

चूक माझी होती, आशू. तुझा शब्द मी त्याच्या हातात दिला.

मुदत वाढवायला साक्ष लागणार असेल तर मी तिथे येऊन ते दोन्ही फोन कोर्टात सांगेन, जसे झाले तसे. वल्लरीनं हे ऐकलं आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट गो लाह! व्हाय यू आस्किंग परमिशन?" तिला सांगितलं, आत्याला न विचारता एकदा केलंय मी. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

वाट पाहतोय.
उल्हास

* * *

यिशुन, सिंगापूर
४ मे २०२५

प्रिय आशू,

काल दुपारी ह्यूस्टनहून परत येऊन उतरलो. अजून झोप आणि जेवण दोन्ही उलटसुलट आहे. वल्लरीला तू दिलेला टीशर्ट दोन साइझ मोठा आहे, तरी सकाळपासून अंगात आहे. नीलिमानं विचारलं, "कशी आहे आशू?" मी म्हणालो, "बारीक झालीय. नेम चांगला आहे."

तुझ्यासमोर जे बोललो नाही ते लिहितो.

कोर्टात वरुण माझ्याकडे बघून हसला, घरच्या माणसाकडे बघावं तसा. त्याच्या वकिलानं विचारलं, "तुम्हाला संशय होता, तर चार वर्षं गप्प का बसलात?" मी विमानात तीन उत्तरं तयार केली होती. तोंडातून निघालं ते असं, "लाज वाटत होती. खरं बाहेर आलं असतं तर मीही त्यात आहे, हे कळलं असतं." तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी तिकडे बघू शकलो नाही. न्यायाधीशबाईंनी हुकूम आणखी दोन वर्षांसाठी वाढवला तेव्हा तू फक्त फाइल मिटलीस.

मग रेंज. मी परदेशी, म्हणून नियमाप्रमाणे कशालाही हात न लावता काचेमागे उभा. मी लिहिलेलं सगळं वाचून तू निवडलंस ते मी सुचवलं नसतं, ओबडधोबड, काळं, मला जरा जडच वाटणारं. पण स्लाइड तू एका दमात ओढलीस. तुझा खांदा पुढे गेला, मनगट हललं नाही. पहिल्या दहा गोळ्या डावीकडे गेल्या, पुढच्या मधोमध. तुझं तुला कळत होतं. मी सांगण्यासारखं काही नव्हतं.

तरी बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलंच. तू कानावरचे मफ्स काढत म्हणालीस, "दादा, माफीचं नंतर बघू. आधी मला जेवायला घाल." आपण त्या मेक्सिकन ठेल्यावर उभ्यानं खाल्लं. तू दोनदा घेतलंस. मीही.

पिस्तूल तू रोज बाळगणार, हे मला आवडलेलं नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी राहून ते न आवडणं सोपं आहे, हेही कळतं. तू म्हणालीस, "मला ते कधी काढायला लागू नये, एवढंच हवंय." तेवढंच मीही मागतो.

तू माफ केलं नाहीस. करावंस असं म्हणायला मी पत्र लिहिलेलं नाही. पण विमानतळावर गाडीतून न उतरता, समोर बघत तू म्हणालीस, "पोचलास की कळव."

पोचलो.

तुझा दादा