रोटाच्या दिवसांतली गोळी

सोम., १९ जुलै १९७१
…त्या सकाळी चूल पेटवली, बाजरीच्या भाकरी टाकल्या, ठेचा वाटला, आडावरून दोन घागरी आणल्या. आले तर हे टोपी घालून ओट्यावर उभे. "जिनिंगच्या गिरणीत जातो आजपासून. खोकला गेला, भूक लागते, आता काय झालंय मला?" मी भाकरी फडक्यात बांधून दिली. आनंदच झाला होता. गोळ्यांची पुडी कोनाड्यात राहिली. चार दिवस राहू दे म्हणाले, ती राहिलीच. पुढच्या थंडीत हे गेले.

आज ती सकाळ आठवली, कारण दवाखान्यात झाडलोट आटोपल्यावर डॉ.बाईंनी क्षयाचा तोच छापील कागद पुढे ठेवला. "औषधयोजनेत खंड पडू देऊ नये." तेव्हा मी पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवायला शिकत होते. वाचता आलं होतं, अर्थ लागला नव्हता.
डॉ.बाई म्हणाल्या, "इथल्या आयांमध्ये तुम्हालाच वाचायची आवड. हे घरी बोलता तसं लिहून द्या. एका पानात बसेल एवढंच."

रवि., २५ जुलै
आठवडाभर लिहिते, खोडते. शेवटी हे जमलं: "खोकला थांबला तरी गोळी थांबवू नका. माणूस चांगला दिसतो, भाकरी बांधून कामाला जातो, तरी रोग आत असतो."
दुसऱ्या ओळीशी थांबले. ह्यांचा फोटो काढायचा राहूनच गेला. ही ओळ छापून गावोगावच्या दवाखान्यांत भिंतीवर लागेल. ह्यांचं नाव नसलं म्हणून काय.

शेजारी शांताला वाचून दाखवलं. क्षयाच्या गोळ्या चालू आहेत तिच्या, खोकला हल्लीच थांबलाय. तिची सासू, जिजी, गहू निवडत होती. "लिखनारी व्हयी गयी का वं तू?" म्हणाली. पण सगळं ऐकलं, आणि कागद मागून घेतला. श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्यासाठी पोतारलेल्या भिंतीवर खळीने चिकटवला. बरं वाटलं.

सोम., २ ऑगस्ट
कानबाई आज विसर्जनाला गेली. शांताकडे डोकावले. कोनाड्यात पुडी, तशीच बांधलेली.
"जिजी, गोळ्या?"
"घरमा रोट शे ना. रोट सरस नही तवलग बाहेरनं काही तोंडमा टाकानं नही."
कानबाईच्या प्रसादाचे रोट संपेपर्यंत घरात दुसरं काही खात नाहीत, ते मलाही ठाऊक. तरी मी भिंतीवरचा कागद दाखवला.
"तू लिखेल बठ्ठं खरं शे. पन गोळी दवाखानानी शे, घरनी नही. चार दिसमा काय व्हस?"
शांता खाली बघत पुरण वाटत होती.
चार दिवस. 

मंगळ., ३ ऑगस्ट
डॉ.बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे घालायलाच हवं. पण पान भरलंय. अक्षर बारीक केलं तर म्हाताऱ्यांना दिसायचं नाही. एक ओळ काढा. कोणती ते तुम्हीच ठरवा. उद्या कागद जळगावला छापायला जातोय."
घरी सगळ्या ओळी मोठ्याने वाचल्या. थुंकी कुठे टाकायची, तपासणीला कधी यायचं, मुलांना जवळ किती घ्यायचं. प्रत्येक ओळ काहीतरी करायला सांगते. भाकरीची तेवढी नुसती ह्यांची…

बुध., ४ ऑगस्ट
ती ओळ काढली. तिच्या जागी: "उपवास असो, घरात रोट असो, गोळी रोज घ्या. गोळीने रोट बाटत नाही."
डॉ.बाई म्हणाल्या, "भाकरीची ओळ काढलीत? ती मला आवडली होती." मी पाकीट चिकटवलं. कागद दुपारच्या गाडीने गेला.

संध्याकाळी तेच हाताने लिहून शांताकडे नेलं. जिजीने पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. "बाटत नही हाई कोन सांगस? तू का कानबाई?"
"मी सांगते, जिजी. ह्यांची पुडी पन चार दिसच ठेयेल व्हती."
जिजी उठून आत गेली. ना हो म्हणाली, ना नाही.
निघताना शांता दाराशी आली. हळूच म्हणाली, "अक्का, सकायले या."

गुरु., ५ ऑगस्ट
चूल पेटवली, पाणी भरलं, आणि गोळीच्या वेळेला, कागद न घेता, रिकाम्या हाताने शांताच्या ओट्यावर जाऊन बसले.