झाड मेलेलं नाही

बाबा,

झाड कचऱ्यात टाकू नका, ते मेलेलं नाही. बाथरूममध्ये टबात कुंडीसकट बुडवून ठेवलंय. मी नर्सरीवाल्या मावशींकडे माती आणायला गेलेय.

काल तुम्ही ओरडलात, "स्क्रूड्रायव्हर घेऊन झाडाला कशाला टोचतेस, भवाने?" मीही दार आपटलं, ते चुकलंच. पण मी झाडाला टोचत नव्हते, वरचे पांढरे खडे उपटत होते. माती सांडू नये म्हणून दुकानवाल्याने ते गोंदाने चिकटवलेत. तुम्ही रोज सकाळी इस्त्रीच्या फवाऱ्याने मारलेलं पाणी खड्यांवरून घरंगळून टीव्हीमागे जायचं. खाली माती विटेसारखी कोरडी!

कालच मावशींना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "असल्या झाकणावर पाणी मारून सहा महिने जगवलं कुणी? माणूस चिवट दिसतोय!" कडेने थेंब थेंब झिरपायचं, त्यावर झाडाने तग धरला म्हणे. खरं सांगते बाबा, मला लय भारी वाटलं. मी आठव्या दिवशीच कंटाळले असते, शाळेला कंटाळते तशी.

बुडबुडे थांबले की कुंडी काढून गॅलरीत ठेवा, टीव्हीवर नको. विश्वास बसत नसेल तर फांदी नखाने जराशी खरवडा, आत हिरवीगार आहे.

यापुढे रोज पाणी नाही. आधी मातीत बोट घालून बघायचं, कोरडी लागली तरच द्यायचं. पाणी मारल्याशिवाय तुम्हाला काही राहवणार नाही, म्हणून उद्यापासून सकाळी आपण दोघं मिळून बघू. मी उठेन. हसू नका.

तुमची,
ठिणगी