मोठं पथ्य

प्रिय (सवयीनं लिहिलं गेलं, हुरळून जाऊ नकोस),

संसारभर तुला 'अहो' म्हणाले. आता 'अरे' म्हणते, गोड मानून घे. थोरली सांगत होती, तुझं बीपी वाढलंय आणि डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधी काही दिवस पथ्यावर राहून बघा म्हटलंय. ऐकून मला हसू आलं. वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं, काय करू!

आईचं बीपी गोळीवाचून कसं उतरलं ते विचार, असं तू लेकीला म्हणालास म्हणे. सांगते ना! माझ्या अळणी भाजीवर तू न विचारता वरून मीठ भुरभुरायचास आणि चारचौघांत म्हणायचास, हिला आजारी पडायची हौसच आहे. आता घे वाढून अळणी आणि गिळ मुकाट्यानं. चालायलाही जा. मी चपला घातल्या की तुला नेमका चहा हवा असायचा. आता शेजारीण आणि मी तळ्याला फेरी मारतो, वाटभर तुला शिव्या घालतो, दम म्हणून लागत नाही. झोपही हवी. तुझ्याबरोबर तुझा टीव्ही गेला आणि ती आपल्या पावलांनी परत आली.

पण खरी गंमत दवाखान्यातली. दर खेपेला तू शेजारी खुर्ची ओढून बसायचास आणि डॉक्टर मला काही विचारायचे त्याचं उत्तर तू द्यायचास. आकडा कायम वर. एकदा तुझी गाडी कुणाच्या फाटकात आडवी लागली म्हणून तुला बाहेर बोलावलं. तेवढ्यात नर्सबाईंनी पुन्हा पट्टा बांधला, तर आकडा खाली! त्यांना वाटलं, मशीन बिघडलं. तू आलास, परत मोजलं, परत वर. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मशीन ठणठणीत होतं रे! त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या बॅगा मी दाराबाहेर ठेवल्या. घर माझ्या वडलांचं, म्हणून जमलं. गोळ्या मात्र डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या, मी मनानं नाही. तेवढी अक्कल तूही ठेव.

निरोपाचं शेपूट थोरलीनं उठता उठता काढलं. तुला परत यायचंय. आईच्या हातचं पथ्याचं मिळेल, तीही एकटीच असते, असं म्हणालास. ती गेली आणि मी घरच्या मशीनचा पट्टा बांधला. आकडा पार वर, कानशिलं तडतडत होती. म्हणून हे लिहायला बसले. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. इथवर लिहून आत्ता पुन्हा मोजलं, उतरलंय. तुझं काय होणार कोण जाणे. मला तुला घराबाहेर काढता आलं, तुला तर जन्मभर तुझ्याबरोबरच राहायचंय. कुलूप बदललंय.

एके काळी तुझीच