चोवीस तासांचं कलम

खर्डा, ११ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर मनकर्णेचं डोकं.

अकोल्याहून एस.टी.नं पाठवलेले तांदूळ आणि देशोदेशींच्या राज्यघटनांचं पुस्तक पोचलं. हमाली आठ आणे पडली. आम्ही बरे आहोत, काळजी नसावी. ह्यांना मोर्च्यातून धरून नेल्यापासून घर गप्प आहे, इतकंच. दुष्काळी कामावरच्या बायांची थकलेली मजुरी मागितली, एवढाच ह्यांचा गुन्हा.

देवापुढं दिवा लावून मी सासूबाईंना पुस्तक वाचून दाखवलं. जपानात पकडल्याबरोबर कारण सांगावं लागतं. अमेरिकेत वकील नाकारता येत नाही. आपल्या घटनेतही वकील आहे, शिवाय चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, असं कलम निघालं.

"म्हंजी उद्या येतोय की सहादेव," म्हणत सासूबाईंनी तुमचे तांदूळ निवडायला घेतले. "भाकरी खाऊन कंटाळला आसंल."

मी त्याखालची ओळ मनातच वाचली आणि पुस्तक मिटलं. खबरदारी म्हणून स्थानबद्ध केलेल्या माणसाला यातलं काहीच लागू नाही. ह्यांना तसंच ठेवलंय. आप्पा, ही ओळ आपल्याच माणसांनी लिहिली ना?

आईचा दमा कसा आहे? माझा जप चालू आहे, पण मन लागत नाही.

सासूबाई रोज ह्यांचं ताट मांडतात आणि विचारतात, "त्या पुस्तकातले चोवीस तास अजून झाले न्हाईत व्हय गं?"

त्यांना काय सांगू, ते उलट टपाली कळवा.

तुमची लेक,
मनकर्णा